लाइमसाठी मंडळाची देणगी: संशोधनाला द्यावी की डॉक्टरांच्या शिक्षणाला?

उंबरठा

नमस्कार मंडळी,

कनेक्टिकटमधलं आमचं मराठी मंडळ लहानसं आहे. गणपतीत खर्च वजा जाता जे उरतं ते दरवर्षी कुठल्या ना कुठल्या कामाला देतो. आजवर ते बहुतेक गावाकडे गेलं. यंदा ठराव झाला की ज्या मातीत राहतोय तिथल्या दुखण्यालाही काही द्यावं. इथलं दुखणं म्हटलं की पहिलं नाव लाइमचं, म्हणजे गोचीड चावून होणाऱ्या रोगाचं. उन्हाळ्यात संध्याकाळी मुलं मैदानावरून आली की काखा, जांघा, गुडघ्यांच्या मागची बाजू, कानामागं, सगळीकडे गोचीड शोधणं हा इथल्या घराघरातला नित्यनेम आहे.

ठराव एकमताने झाला आणि लगेच दोन तट पडले. एका तटाचं म्हणणं, संशोधनाला द्या. अजून भरवशाची तपासणी नाही, ज्यांना महिनोन्महिने त्रास राहतो त्यांना देण्यासारखं सिद्ध औषध नाही. दुसरा तट म्हणतो, संशोधनाला अब्जाधीश आहेत, आपल्या तीन-चार हजार डॉलरना तिथं कोण विचारतो? डॉक्टरांच्या शिक्षणाला द्या, कारण आपल्या लोकांचं नुकसान तिथं झालंय. या दुसऱ्या तटाला धार आहे, कारण मंडळातल्याच एका मुलीच्या मांडीवरचा चट्टा एका अर्जंट केअरमध्ये (आधी वेळ न ठरवता जायचा दवाखाना) नायटा ठरवून मलम देऊन पाठवला गेला होता. पुढे तिचा गुडघा नारळाएवढा सुजला तेव्हा लाइम कळला. मुलगी आता बरी आहे.

खजिनदार मी, त्यामुळे वाचायचं काम माझ्या गळ्यात. वाचलं ते थोडक्यात सांगते.

हा रोग उजेडात आला तोच मुळी दोन आयांमुळे. १९७५ मध्ये पॉली मरे आणि ज्युडिथ मेन्श यांनी आपापल्या परीनं आरोग्य खात्याचा आणि येल विद्यापीठाचा पिच्छा पुरवला की आमच्या गल्लीत एवढ्या मुलांना संधिवात कसा? येलच्या ॲलन स्टिअर यांनी लाइम, ओल्ड लाइम आणि ईस्ट हॅडम या तीन गावांत ५१ रुग्ण शोधले, त्यात ३९ मुलं. तो निबंध १९७७ मध्ये आला. जिवाणू मात्र सापडला दूर मोंटानातल्या प्रयोगशाळेत. विली बर्गडॉर्फर यांनी न्यूयॉर्कच्या शेल्टर आयलंडवरून आलेल्या गोचिडींच्या आतड्यात तो पाहिला आणि १९८२ मध्ये प्रसिद्ध केला. बोरेलिया बर्गडॉर्फेरी.

आता पैशांचं. सीडीसी या सरकारी रोगनियंत्रण संस्थेच्या अंदाजाप्रमाणे अमेरिकेत वर्षाला सुमारे ४ लाख ७६ हजार लोकांवर लाइम समजून उपचार होतात. रीतसर नोंद होते ती यापेक्षा फार कमी, २०२३ मध्ये ती ८९ हजारांच्या वर गेली. सरकारी निधी या मानाने तुटपुंजा असल्याची ओरड जुनीच आहे. लष्कराच्या वैद्यकीय संशोधन निधीत गोचीडजन्य आजारांचा वेगळा कार्यक्रम २०१६ च्या अंदाजपत्रकात आला, तोही ५० लाख डॉलरचा. ती पोकळी धर्मादाय संस्थांनी भरली. कोलंबिया विद्यापीठातलं लाइम केंद्र २००७ मध्ये उभं राहिलं ते लाइम डिसीज असोसिएशन आणि टाइम फॉर लाइम या रुग्ण-पालकांच्या संस्थांनी उभारलेल्या निधीतून. त्यातली दुसरी संस्था पुढे विलीन होत होत २०१५ पासून ग्लोबल लाइम अलायन्स झाली. पश्चिमेला बे एरिया लाइम फाउंडेशन आहे. आणि सगळ्यांत मोठा हात स्टीव्हन अँड अलेक्झांड्रा कोहेन फाउंडेशनचा. अलेक्झांड्रा कोहेन यांना स्वतःला लाइम झाला होता. त्यांनी आजवर १० कोटी डॉलरहून जास्त या रोगासाठी दिलेत.

प्रश्न दोन. छोटी देणगी संशोधनात खरंच कुठं लागते? आणि 'डॉक्टरांचं शिक्षण' या नावाखाली नेमकं काय शिकवलं जातं?

---

कट्ट्यावरचा

वाचतोय. पुढील भागाच्या प्रतीक्षेत.

---

खडूस

दुसऱ्या तटाशी सहमत. कोहेनसाहेब म्हणजे तेच ना, न्यूयॉर्क मेट्स या बेसबॉल संघाचे मालक? त्यांच्या एसएसी कॅपिटल या गुंतवणूक कंपनीने २०१३ मध्ये इनसायडर ट्रेडिंगचा गुन्हा कबूल करून १८० कोटी डॉलर भरले होते. असा माणूस दहा कोटी देतो तिथं तुमच्या मंडळाची वर्गणी म्हणजे समुद्रात तांब्या. शिवाय एकाच घराच्या पैशावर सगळं क्षेत्र चाललं की काय संशोधायचं हेही तेच घर ठरवणार. हा धोका कुणी बोलत नाही.

---

पेट्रीडिश

खडूस, कबुली कंपनीची होती, कोहेन यांच्यावर व्यक्तिशः फौजदारी खटला झाला नाही, एवढी दुरुस्ती करून पुढं जातो. धोक्याचा मुद्दा मात्र बरोबर आहे आणि तो आमच्यात बोलला जातो, फक्त देणगीदार खोलीत नसताना. :)

मी बॉस्टनला सूक्ष्मजीवशास्त्रात आहे, लाइमवर नाही, पण शेजारच्या प्रयोगशाळांत ते काम चालतं. बाहेरून दिसत नाही ते सांगतो. एनआयएचचं (वैद्यकीय संशोधनाला पैसा देणारी सरकारी संस्था) मोठं अनुदान मागायला गेलात की पहिला प्रश्न, प्राथमिक निष्कर्ष कुठे आहेत? आणि ते काढायला पैसे कोण देणार, तर एनआयएच नव्हे. धर्मादाय पैशाची खरी जागा ही फट आहे. एखाद्या नव्या प्राध्यापकाला लाख-दीड लाख डॉलर मिळाले की तो उंदरांवर पहिला प्रयोग करतो आणि त्या आकड्यांच्या जोरावर पुढे वीसपट पैसा सरकारकडून आणतो किंवा आणू शकत नाही. दोन्ही उपयोगाचं.

उदाहरण देतो. नॉर्थईस्टर्नचे किम लुइस यांच्या गटाने २०२१ मध्ये 'सेल' या शास्त्रीय नियतकालिकात हायग्रोमायसिन-ए बद्दल लिहिलं. हे प्रतिजैविक १९५० च्या दशकापासून माहीत होतं, पण नेहमीच्या जंतूंवर फारसं चालत नाही म्हणून अडगळीत पडलेलं. यांनी मातीतल्या जिवाणूंच्या अर्कांतून फक्त बोरेलियाला मारील असं काही शोधायला घेतलं आणि पुन्हा तेच हाती लागलं. उंदरांत संसर्ग गेला आणि आतड्यातल्या बाकीच्या जिवाणूंना लाइमवरच्या नेहमीच्या डॉक्सीसायक्लीनइतका धक्का लागला नाही. अशा कामाला औषध कंपनी उभी राहत नाही, कारण दोन आठवडे घ्यायचं, एकाच रोगावर चालणारं प्रतिजैविक विकून तिला काय मिळणार? त्यामागे सरकारी पैशाबरोबर लाइमच्या धर्मादाय संस्था होत्या.

दुसरी जागा बायोबँक, म्हणजे रुग्णांच्या नमुन्यांचा साठा. नवीन तपासणी पद्धत शोधणाऱ्या प्रत्येकाला खऱ्या रुग्णांचं रक्त लागतं, तेही चट्टा उठल्या उठल्या काढलेलं, आणि निदान पक्कं असलेलं. हे एकट्या प्रयोगशाळेला जमत नाही. बे एरिया लाइमने २०१४ पासून ईस्ट हॅम्प्टन, मार्थाज् व्हिनयार्ड, विस्कॉन्सिन अशा ठिकाणी नमुने गोळा करून ते संशोधकांना द्यायची व्यवस्था उभी केली. नाव कुणाचं झळकत नाही, पण इथं छोट्या रकमेची नळी, सुई, टपालखर्च होतो. माझं मत विचाराल तर संशोधनात छोटी देणगी इथं द्यावी.

आणि गेल्या काही काळात एनआयएचमध्ये जे चाललंय (अनुदानातल्या अप्रत्यक्ष खर्चावर, म्हणजे इमारत, वीज, कारभार यांवर, १५ टक्क्यांची मर्यादा घालायचा फेब्रुवारी २०२५ चा आदेश, मग त्यावर कोर्टाची स्थगिती, कोलंबियाची ४० कोटी डॉलरची अनुदानं रोखणं, मग तडजोड), त्यात तरुण संशोधकांना पगार पुढच्या वर्षी निघेल की नाही कळत नाही. अशा वेळी लहान संस्थांचे पैसे माणसं टिकवून ठेवतात. हे कुठल्याच वार्षिक अहवालात येणार नाही.

---

निशिगंध

पेट्रीडिश, छान लिहिलंत.

मी पेन्सिल्व्हेनियात फॅमिली मेडिसिनमध्ये आहे. लाइमच्या नोंदींत आमचं राज्य कायम वरच्या रांगेत असतं, त्यामुळे मे ते ऑगस्ट आठवड्याला रुग्ण असतातच. उंबरठाताईंच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देते.

सुरुवातीचा लाइम हा रक्त तपासून ओळखायचा रोग नाही, डोळ्यांनी ओळखायचा आहे. गोचीड चावल्यावर प्रतिपिंडं (अँटीबॉडी) तयार व्हायला काही आठवडे जातात, त्यामुळे चट्टा दिसतोय त्या दिवशी रक्त पाठवलं तर बहुतेकदा निगेटिव्ह येतं. चट्टा दिसला, राहण्याची किंवा प्रवासाची जागा जुळली, की औषध सुरू करायचं. मार्गदर्शक सूचना हेच सांगतात. पण प्रत्यक्षात काय होतं? अर्जंट केअरमध्ये रक्त पाठवलं जातं, निगेटिव्ह येतं, 'लाइम नाही' म्हणून रुग्ण घरी. यात शिक्षणाची गरज आहे आणि त्यावर वैद्यकात कुणाचंही दुमत नाही.

आता आपल्या माणसांसाठी जास्त महत्त्वाचं. सगळ्यांना बैलाच्या डोळ्यासारखं वर्तुळात वर्तुळ पाठ आहे. अमेरिकेतल्या बहुतेक चट्ट्यांत ती वर्तुळं नसतातच, नुसता पसरत जाणारा एकसारखा लाल चट्टा असतो. आणि तोही लाल गोऱ्या कातडीवर. आपल्यासारख्या गव्हाळ, सावळ्या कातडीवर तो जांभळट, तपकिरी, कधी मार लागल्यासारखा दिसतो, कधी धड दिसतही नाही. पाठ्यपुस्तकांतले फोटो वर्षानुवर्षं गोऱ्या कातडीचेच. कृष्णवर्णीय रुग्णांत लाइमचं निदान चट्ट्याच्या वेळी न होता सांधे सुजल्यावर होण्याचं प्रमाण जास्त असल्याचं अभ्यासांत दिसलंय. तुमच्या मंडळातल्या मुलीचा चट्टा नायटा ठरला यात मला जराही आश्चर्य वाटलं नाही. (नायट्याला खवले असतात, खाज असते. लाइमचा चट्टा सहसा सपाट, फारसा न खाजणारा, आणि दिवसागणिक वाढतो. पेनने कड आखून ठेवा, दुसऱ्या दिवशी बघा. कुणालाही जमेल.)

मला विचाराल तर तुमचे पैसे इथं घाला. तुमच्या भागातल्या इस्पितळात एक तासाचं सीएमई (डॉक्टरांचं चालू शिक्षण) सत्र, आणि बोलावणं डॉक्टरांपेक्षाही अर्जंट केअरमधल्या नर्स प्रॅक्टिशनर आणि पीए (डॉक्टरांचे सहायक) मंडळींना. चट्टा पहिल्यांदा तेच बघतात. सावळ्या कातडीवरचे फोटो, चेहऱ्याचा एका किंवा दोन्ही बाजूंचा लकवा, हृदयाचे ठोके अडखळणं, एवढं शिकवलं तरी पुष्कळ. अजून एक गोष्ट जी अनेकांना ठाऊक नसते: आठ वर्षांखालच्या मुलांना डॉक्सी अजिबात द्यायचं नाही हा जुना समज आता राहिलेला नाही, थोड्या दिवसांचा कोर्स चालतो. आणि ३६ तासांहून जास्त चिकटलेली काळ्या पायांची गोचीड काढल्यावर ७२ तासांच्या आत डॉक्सीची एकच मात्रा घेता येते.

---

वाफाळता चहा

निशिगंध, तुम्ही सोपा भाग निवडलात. चट्टा ओळखणं सगळ्यांना मान्य आहे. ज्यांचा चट्टा निसटला त्यांचं काय?

माझा नवरा दोन वर्षं घरात बसून होता. थकवा, डोक्यात धुकं, फिरते सांधेदुखीचे झटके. किती डॉक्टर झाले ते मोजणं सोडून दिलं. एकाने नैराश्य म्हटलं, एकाने 'आयटीवाले बसून असतात' म्हटलं. शेवटी ज्या डॉक्टरबाईंनी तासभर ऐकून घेतलं त्या आयलॅड्स या लाइमवर वेगळी भूमिका घेणाऱ्या डॉक्टरांच्या संघटनेच्या प्रशिक्षणातून गेलेल्या होत्या. विमा नाही, सगळं खिशातून. पण माणूस कामावर परत गेला. त्यामुळे डॉक्टरांच्या शिक्षणाला पैसे द्यायचे तर मी तिथं देईन. ज्यांना मुख्य प्रवाहाने वाऱ्यावर सोडलं त्यांना कोण शिकवणार?

---

निशिगंध

तुमच्या घरानं सोसलं त्याबद्दल मनापासून वाईट वाटतं, आणि 'बसून असतात' म्हणणाऱ्या सहकाऱ्याची लाज वाटते. रुग्णाचं ऐकून न घेणं हा आमच्या धंद्याचा जुना रोग आहे.

पण उंबरठाताईंनी 'नेमकं काय शिकवलं जातं' असं विचारलंय, म्हणून स्पष्ट लिहिते. नीट उपचार होऊनही काही जणांना सहा-सहा महिने, कधी वर्षानुवर्षं त्रास राहतो हे खरं आहे, त्याला नावही आहे आणि त्यावर जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या जॉन ऑकॉट यांच्यासारखी माणसं आयुष्य घालवतायत. वाद आहे तो त्यांना महिनोन्महिने प्रतिजैविकं द्यावीत का यावर. हा प्रश्न तपासून पाहिलेला आहे. २००१ मध्ये क्लेम्प्नर यांच्या चाचण्या झाल्या, २०१६ मध्ये नेदरलँड्समधली मोठी चाचणी झाली. लांबवलेल्या प्रतिजैविकांनी औषध नसलेल्या नकली उपचारापेक्षा (प्लासिबो) टिकाऊ फायदा झाला नाही. उलट शिरेत महिनोन्महिने नळी ठेवल्याने गंभीर संसर्ग झाले, मृत्यूही झाले, ते सीडीसीने नोंदवलेत. आयलॅड्स १९९९ पासून वेगळी भूमिका घेते आणि त्यांच्या प्रशिक्षणात ती शिकवली जाते. देणारा कुठल्या बाजूला पैसे देतोय हे त्याला माहीत असावं एवढंच.

---

वाफाळता चहा

त्या चाचण्यांत घेतलेले रुग्ण किती होते, किती वर्षं आजारी होते, हे पण सांगा की. 'या औषधाने झालं नाही' म्हणजे 'तुम्हाला काही झालेलंच नाही' असा अर्थ दवाखान्यात लावला जातो, माझं भांडण त्याच्याशी आहे.

---

निशिगंध

ह्या वाक्याला माझं शंभर टक्के अनुमोदन.

---

खडूस

प्रथमच एखाद्या वैद्यकीय धाग्यावर दोघांचं एका वाक्यावर तरी जुळलं. संपादकांनी धागा जतन करावा.

---

ताळेबंद

या वादाचा कनेक्टिकटशी जुना संबंध आहे, तोही उंबरठांना उपयोगी पडेल. २००६ मध्ये संसर्गरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं (आयडीएसए) लाइमच्या मार्गदर्शक सूचना काढल्या. तुमच्याच राज्याचे तेव्हाचे ॲटर्नी जनरल रिचर्ड ब्लूमेंथल, जे आता सिनेटर आहेत, यांनी त्या सूचनांवर चक्क स्पर्धाविरोधी कायद्याखाली चौकशी लावली. मुद्दा असा की समितीतल्या काहींचे हितसंबंध होते आणि वेगळं मत असणाऱ्यांना बाहेर ठेवलं. २००८ मध्ये तडजोड झाली, नवीन समितीने सगळं पुन्हा तपासायचं ठरलं. त्या समितीने २०१० मध्ये मूळच्या सगळ्या ६९ शिफारशी योग्य ठरवल्या. मधल्या काळात, २००९ मध्ये, कनेक्टिकटने लांबवलेली प्रतिजैविकं देणाऱ्या डॉक्टरांना शिस्तभंगापासून संरक्षण देणारा कायदाही केला! म्हणजे वैद्यकातला वाद वकिलांनी आणि आमदारांनी सोडवायला घेतला. अशा राज्यात 'डॉक्टरांचं शिक्षण' असं मोघम लिहून चेक दिलात तर तो कुठल्याही तटाला जाऊ शकतो.

मी सीपीए आहे, म्हणजे इथला सीए, त्यामुळे कागदांबद्दल. संस्था ५०१(सी)(३), म्हणजे करमुक्त धर्मादाय, असेल तर तिचा फॉर्म ९९० (कर खात्याला द्यायचं वार्षिक विवरण) सार्वजनिक असतो. चकचकीत वार्षिक अहवाल बाजूला ठेवा, हा वाचा. भाग ९ मध्ये खर्च तीन रकान्यांत असतो: काम, कारभार आणि निधी उभारणी. आणि परिशिष्ट 'आय'मध्ये त्यांनी अमेरिकेतल्या कुठल्या विद्यापीठाला, इस्पितळाला किती दिले ते नावानिशी येतं. लाइमच्या संस्थांत झगमगाटी रात्रभोजनं खूप असतात. एक टेबल हजारो डॉलरचं. त्यात वाईट काही नाही, पण त्या भोजनाचा खर्च वजा जाता काय उरलं ते परिशिष्ट 'जी'मध्ये दिसतं. तिथं नक्की डोकवा.

'कामाच्या' रकान्यातही एक मेख आहे. 'शिक्षण आणि जनजागृती' या नावाखाली संस्थेची फेसबुक मोहीम, हिरव्या फिती आणि डॉक्टरांचं खरंखुरं प्रशिक्षण, सगळं एकाच ओळीत बसू शकतं. फोन करून विचारा: गेल्या वर्षी किती वैद्यकीय व्यावसायिकांनी तुमचं सत्र पूर्ण केलं आणि त्याला सीएमई मान्यता होती का? ज्यांच्याकडे उत्तर असतं ते लगेच देतात.

---

तिलारी

मी सिंधुदुर्गातल्या दोडामार्गचा. तुमचा धागा वाचून राहवलं नाही.

आमच्याकडे गोचीड म्हटली की माकडताप. कर्नाटकात शिमोग्याच्या क्यासनूर जंगलात १९५७ मध्ये सापडलेला हा विषाणू २०१५ मध्ये गोव्याच्या सत्तरीत आणि २०१६ मध्ये आमच्या दोडामार्ग-बांदा पट्ट्यात आला. काजूचा हंगाम आणि तापाचा हंगाम एकच. बोंडं गोळा करायला पाल्यात वाकून काम, त्यात अनवाणी पाय. जंगलात माकडं मरून पडलेली दिसली की लोकांना धडकी भरते. नमुने पुण्याला राष्ट्रीय विषाणू संस्थेत (एनआयव्ही) जायचे आणि तोवर इकडे साधा ताप, मलेरिया, डेंग्यू, लेप्टो अशी यादी फिरायची. लाइम जिवाणूचा, निदान वेळेवर झालं तर गोळी आहे. माकडतापाला नेमकं औषध नाही, सलाईन आणि देखरेख.

लाइमला अमेरिकेत पैसा मिळतो, कारण तो कनेक्टिकटच्या, लाँग आयलंडच्या श्रीमंत अंगणात झाला. काजूच्या बागेत राबणाऱ्याच्या तापाला अब्जाधीश रुग्ण मिळत नाही. तुमच्या देणगीला नाट लावायचा हेतू नाही, इथल्यासाठी इथं द्या हा विचार बरोबरच आहे. पण निशिगंध म्हणतात ते 'पहिल्यांदा बघणाऱ्याला शिकवा' हे आमच्याकडेही तंतोतंत लागू आहे. आमच्याकडे पहिल्यांदा बघते ती आशाताई आणि प्राथमिक आरोग्य केंद्रातला नुकताच रुजू झालेला डॉक्टर, जो लातूरहून किंवा नागपूरहून आलाय आणि ज्याने माकडताप आयुष्यात पाहिलेला नाही.

---

कट्ट्यावरचा

@तिलारी, भारतात लाइम आहे का? अर्धवट ऐकलंय.

---

पेट्रीडिश

तुरळक नोंदी आहेत: हरियाणा, हिमाचल, ईशान्य, केरळात वायनाड. अमेरिकेच्या ईशान्येसारखी साथ नाही. इथं पांढऱ्या पायांचे उंदीर जिवाणू सांभाळतात, हरणं प्रौढ गोचिडींना पोसतात आणि तोडलेल्या शेतांच्या जागी पुन्हा वाढलेल्या जंगलात माणसांनी घरं बांधली. सगळं एकत्र जुळून आलं.

अवांतर: भारतातून इथं नुकत्याच आलेल्या डॉक्टरांनाही हा रोग पुस्तकापुरताच माहीत असतो. रेसिडेन्सीला आलेल्या आपल्या पोरांनाही त्या सत्राला बोलवा.

---

उंबरठा

सगळ्यांचे आभार. काल कार्यकारिणीची बैठक झाली, हा धागा छापून नेला होता. (खडूस, तुमचा तांब्या वाचून अध्यक्ष हसले.)

रकमेचे दोन भाग करायचं ठरतंय. मोठा भाग जवळच्या इस्पितळात सीएमई सत्राला, निशिगंधांनी सांगितलेल्या मर्यादेत: सुरुवातीचा लाइम, सावळ्या कातडीवरचा चट्टा, रक्त निगेटिव्ह म्हणजे लाइम नाही असं नव्हे. दीर्घकाळच्या उपचारांवर त्या सत्रात बोलायचं नाही. चहाताई, हे तुम्हाला आवडणार नाही याची कल्पना आहे, पण एका तासात तो वाद घेतला तर चट्टा बाजूला राहील आणि तासभर तेच चालेल. मात्र तुमचं एक वाक्य वक्त्यांना पाठवणार आहे: 'या औषधाने झालं नाही' म्हणजे 'तुम्हाला काही झालेलंच नाही' असं नाही.

छोटा भाग बायोबँकेला. तपासणी सुधारल्याशिवाय हे सगळं दरवर्षी शिकवत बसावं लागणार. आजही दोन टप्प्यांच्या त्याच चाचण्यांवर भिस्त आहे ज्यांचे निकष १९९४ मध्ये ठरले. २०१९ मध्ये त्यात सुधारित पर्याय आला खरा, पण तोही प्रतिपिंडंच मोजतो. सरकार आणि कोहेन फाउंडेशन यांच्या अडीच कोटी डॉलरच्या लाइमएक्स भागीदारीत निदानासाठी वेगळं बक्षीसच ठेवलंय, म्हणजे मोठ्यांचंही याच गोष्टीवर अडलंय.

तिलारी, माकडतापाचा विषय पुढच्या बैठकीत स्वतंत्र मांडते. आशाताईंसाठी काही करायचं तर पैसे कुठल्या मार्गाने पाठवता येतील ते व्यक्तिगत निरोपाने कळवा. परदेशी देणगीचे नियम किचकट आहेत.

---

वाफाळता चहा

आवडलं नाही, पण पटलं. थोडंसं. मी माझे वेगळे देणार आहे आणि कुठे ते इथं लिहिणार नाही, नाहीतर धागा पुन्हा पेटेल. सत्राला मात्र येऊन चहाचं टेबल लावीन.

---

निशिगंध

फोटोंचं लक्षात ठेवा. आंतरजालावरून उचललेले फोटो सत्रात दाखवू नका, सीडीसीच्या पानावरचे वापरता येतात. आणि मंडळातल्या त्या मुलीचे आईवडील तयार असतील तर तिच्या चट्ट्याचा फोटो लेखी संमती घेऊन, चेहरा न दाखवता घ्या. आपल्या कातडीच्या रंगाचे चांगले फोटो मिळणं खरोखर कठीण असतं.

---

ताळेबंद

दोन व्यवहाराच्या गोष्टी. मंडळ स्वतः ५०१(सी)(३) असलं तरी मंडळाच्या चेकला कुणाच्या कंपनीचं मॅचिंग (कर्मचाऱ्याच्या देणगीवर कंपनीची भर) मिळत नाही. सभासदांनी आपापल्या नावाने थेट संस्थेला द्या, कंपनीच्या पोर्टलवर नोंद करा, बऱ्याच ठिकाणी रक्कम दुप्पट होते. मंडळाचा चेक वेगळा.

दुसरं, चेकच्या मेमोत 'लाइम प्रशिक्षणासाठी' लिहून भागत नाही. सोबत पत्र द्या की ही देणगी अमुक सत्रासाठीच आहे, सत्र झालं नाही तर परत किंवा अमुक कामाला. आणि त्यांच्याकडून मान्यतेचं लेखी उत्तर आल्याशिवाय चेक टाकू नका. इस्पितळाचं वेगळं फाउंडेशन असतं, चेक त्याच्या नावाने लागेल, इस्पितळाच्या नव्हे. आधी विचारून घ्या.